गॅलनमागे बारा मैल

१

मार्तंडराव चेकर जन्मात एकदाच खोटं बोलले आणि ते खोटं बशीतला चहा निवायच्या आत पकडलं गेलं, असं सांगितलं तर चिखली तालुक्यात एक माणूस विश्वास ठेवणार नाही. न ठेवो. ज्या माणसानं तीस वर्षं मोटार सर्विसच्या गाड्यांत उभं राहून कंडक्टरांची तिकिटं तपासली आणि अर्ध्या तिकिटासाठी आपल्या सख्ख्या सासऱ्याला अमडापूरच्या अलीकडे भर उन्हात उतरवून दिलं, त्याच्या तोंडून खोटं निघालं, हे त्याच्या बायकोलाही अजून पटलेलं नाही.

महाराष्ट्र झाल्यानंतरचा तो दुसरा पौष. मार्तंडराव नुकतेच निवृत्त होऊन चिखलीच्या घरी बसले होते. गुडघे गेले होते, पण थकवा गुडघ्यांचा नव्हता. तीस वर्षं समोर येईल त्या माणसाकडे चोर म्हणून पाहायचं आणि एका तारखेपासून ते पाहणं बंद करायचं, हे त्यांना जमत नव्हतं. देवळात गेलं तरी नजर मूर्तीच्या आधी पुजाऱ्याच्या हातांकडे जाई. या नजरेचाच त्यांना कंटाळा आला होता.

अशात उंद्रीहून भगवानरावांची चिठ्ठी आली. ‘चोरी झाली आहे. दर गॅलनमागे बारा मैल चोरीस गेले आहेत. ताबडतोब यावे.’

भगवानराव उंद्रीतले सगळ्यांत मोठे कास्तकार. मोटारीसाठी त्यांनी चार वर्षं नंबर लावला होता. दसऱ्याला ती राखी रंगाची कोरी गाडी गावात शिरली आणि तिचा भोंगा ऐकून उंद्रीतल्या म्हशींनी तीन दिवस दूध चोरलं, असं लोक अजून सांगतात. गाडीसोबत कंपनीची एक गुळगुळीत कागदाची पुस्तिका आली होती. तीत छापलं होतं, एका गॅलनला चाळीस मैल. गाडी देत होती अठ्ठावीस.

मार्तंडराव ओसरीवर टेकले तसा भगवानरावांनी चहा मागवला आणि पुस्तिका त्यांच्यापुढे टाकली.

“छापलेलं खोटं राहते काय?” त्यांनी विचारलं. “अन् चोर कोन हाय, ते मले माहीत हाय. तुमी फक्त कागदावर आना.”

“कागदावर आणायचं तर आधी शोधावं लागेल.”

“शोधा. बाजाराच्या दिवसापावतर टाइम हाय. मंग चार गावच्या लोकाईसमोर मी त्याले ठान्यात घेऊन जातो.” त्यांनी खिशातून एक मळकं लायसन काढलं आणि पुन्हा खिशात घातलं. “हे पहा. काढून घेतलं त्याच्यापासून.”

लायसनवर कडूबाचा फोटो होता. गाडीचा ड्रायव्हर.

बाजार पाच दिवसांवर होता.

२

कडूबा वाड्यामागे गाडी पुसत होता. पन्नाशीचा, काटकुळा माणूस. लढाईत त्यानं ब्रह्मदेशात फौजेचे ट्रक हाकले होते, परत आल्यावर खामगावच्या कापसाच्या जिनिंगचा ट्रक हाकला. त्याच्या हातात स्टिअरिंग असलं की मागं बसलेल्याच्या हातातला पाण्याचा पेला सांडत नाही, अशी त्याची ख्याती होती. उंद्रीचा रस्ता ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे खरं वाटणार नाही.

“पेट्रोल तू घेतलंस का?” मार्तंडरावांनी सरळ विचारलं. असे प्रश्न फिरवून विचारायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती.

“एक थेंब नाई घेतला साहेब.”

“मग कोणी घेतलं?”

कडूबा आधीच चकचकीत असलेला मडगार्ड पुन्हा घासू लागला. उत्तर आलं ते त्याच्या बायकोकडून. पंचफुला पाण्याची बादली घेऊन आली होती. तिनं सांगितलं की नवऱ्याला जन्मात दुसरं कुठलं काम येत नाही. शेतात पाठवला तर नांगरालाही गिअर शोधतो. पेट्रोलचोर म्हणून एकदा नाव झालं, की खामगावपासून मेहकरपर्यंत कोणी त्याला चाकाला हात लावू देणार नाही. ती रडत नव्हती. नुसतं सांगत होती.

ती गेल्यावर कडूबा हळूच म्हणाला, “साहेब, तुमी नका शोधू. जे होईन ते होईन.”

चोर कधी असं म्हणत नाही. मार्तंडरावांना हे तीस वर्षांच्या अनुभवानं ठाऊक होतं. आणि एकदा हे ठाऊक असूनही ते चुकले होते. कारभारी नावाचा कंडक्टर. चार तिकिटांचा फरक. तोही असाच गप्प राहिला होता. त्याची नोकरी गेली आणि दोन महिन्यांनी ती चार तिकिटं मार्तंडरावांच्याच जुन्या डायरीच्या पुठ्ठ्यात सापडली. वर लिहून पाठवलं, पण गेलेली नोकरी परत येत नाही. कारभारी आता अमडापूरच्या स्टँडवर चहाचं हॉटेल चालवत होता. मार्तंडराव कधी तिथं गेले, तर तो काही न बोलता चहा द्यायचा. साखर जास्त घातलेली असायची. ती साखर मार्तंडरावांना घशाखाली उतरत नसे.

शोधू नका म्हणणाऱ्या माणसाला वाचवायचं कसं, याचा विचार करतच ते उठले.

३

संशयाला जागा आणखी दोन होत्या. पहिली भगवानरावांचा पुतण्या पंजाबराव. त्याच्याकडे फटफटी होती आणि पेट्रोलला पैसे मात्र काका देत नव्हते. तरी रोज सकाळी फटफटी घेऊन तो ऐटीत घराबाहेर पडायचा. त्याच्या खोलीत मार्तंडरावांना खाटेखाली हातभर रबरी नळी सापडली. नळीला तेलाचा वास होता.

पंजाबराव पांढरा पडला. मार्तंडरावांनी त्याला काही न विचारता फटफटीजवळ नेलं, टाकीचं झाकण काढलं आणि आत बोट फिरवलं. बोट कोरडं निघालं. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी कोळ्यानं घर केलं होतं, त्यात पिलंही होती.

“दोन महिने झाले, बंद हाय,” पंजाबराव जमिनीकडे पाहत म्हणाला. “गावाभाईर ढकलत नेतो अन् बाभळीखाली ठिवतो. काकाले नका सांगू. हासतीन.”

नळी विहिरीवरच्या इंजिनात रॉकेल ओतायची होती.

दुसरी जागा चिखलीचा पेट्रोल पंप. पंपावरचा इंद्रभान मापात मारतो असं अर्धा तालुका म्हणायचा, कारण गॅलन जाऊन लिटर आलं तेव्हापासून कोणालाच आपण नक्की किती घेतलं ते समजत नव्हतं. मार्तंडरावांनी सरकारी शिक्क्याचं माप मागवून त्याच्याकडून साडेचार लिटर, म्हणजे जवळजवळ एक गॅलन, मोजून घेतलं. माप काठोकाठ भरलं, वर चमचाभर सांडलं. इंद्रभानानं त्या चमच्याचेही पैसे मागितले. मापाच्या बाबतीत तो निर्दोष होता.

तेव्हा मार्तंडराव पंपाच्या बाकावर बसले आणि पुस्तिका चष्म्याशी धरून त्यांनी पहिल्यांदा नीट वाचली. इंग्रजी होती, म्हणून उंद्रीत कोणी चाळीसच्या आकड्याच्या पुढं गेलंच नव्हतं. खाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं: सपाट रस्त्यावर, ताशी तीस मैलांच्या एकाच वेगानं, गाडीत एकटा ड्रायव्हर असताना, इंजिन तापलेलं असताना आणि थांबे न घेता.

मार्तंडरावांनी चष्मा काढून डोळे चोळले. असा रस्ता बुलढाणा जिल्ह्यात देवानं केलेला नाही, आणि बांधकाम खात्यानं तर नाहीच नाही. बारांतले काही मैल चोरीला गेलेच नव्हते, कारण ते आलेच नव्हते.

पण काही म्हणजे किती?

४

दुसऱ्या दिवशी मालकांच्या परवानगीनं मार्तंडराव आणि कडूबा दोघंच निघाले. चिखलीला टाकी गळ्यापर्यंत भरली. तिथून अमडापूर, उंद्री, पुन्हा चिखली. परत टाकी गळ्यापर्यंत भरली आणि किती मावलं ते पाहिलं. वाटेत कारभारीच्या हॉटेलात चहा झाला. कारभारीनं कडूबाकडे पाहिलं, मग मार्तंडरावांकडे, आणि साखर नेहमीइतकीच घातली.

हिशेब आला, गॅलनला तेहतीस मैल.

चाळीसचे तेहतीस झाले, त्याचं नवल नव्हतं. गचके, बैलगाड्या, दर फर्लांगाला ब्रेक आणि गिअर. शिवाय नव्या इंजिनाचे भाग अजून एकमेकांना घासून मोकळे झालेले नव्हते, आणि पौषातल्या थंडीत सकाळी चोक ओढल्याशिवाय ते जागंच होत नव्हतं. हे सात मैल रस्त्यानं, नवेपणानं आणि कंपनीच्या आशावादानं खाल्ले होते. त्यात चोर नव्हता.

पण तेहतीसपासून अठ्ठावीसपर्यंतचे पाच मैल?

“मालक वजनदार हायेत,” कडूबा पुढं पाहत म्हणाला.

मार्तंडरावांनी तेही तपासलं. भगवानरावांच्या वजनाचं तुरीचं एक पोतं पुढच्या सीटवर बसवलं, त्यांची बहीण मागं बसते म्हणून तिच्या वजनाचं मागं आपल्या शेजारी ठेवलं. पुढच्या पोत्याला थंडी म्हणून कोणीतरी मालकांची शाल पांघरली होती. उंद्रीतून निघताना अकरा जणांनी त्या पोत्याला रामराम घातला, दोघांनी अर्ज दिले, आणि त्यातला एक अर्ज म्हणे पुढं मंजूरही झाला.

पोती घेऊन गाडीनं दिले बत्तीस.

म्हणजे वजनाचा फक्त एक मैल. पोत्यापेक्षा मालक चार मैलांनी महाग पडत होते. चोर जो कोणी होता, तो भगवानराव गाडीत असतानाच चोरी करत होता. आणि तेव्हा चाकावर एकच माणूस असायचा.

मार्तंडरावांनी कडूबाकडे पाहिलं. कडूबा गाडी पुसू लागला.

५

बाजाराच्या आदल्या दिवशी मार्तंडरावांनी मालकांनाच सोबत घेतलं. भगवानराव पुढं कडूबाशेजारी बसले. मागं मार्तंडराव आणि भगवानरावांची थोरली बहीण तानुबाई. ती तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली होती आणि तेव्हापासून घर तिच्या हाती होतं. सारं गाव तिला आक्का म्हणे. तिला दिसत कमी होतं, पण तिच्यापासून काही लपत नसे.

अमडापूरच्या अलीकडे उतार लागला. गाडीनं थोडा वेग घेतला. भगवानराव सीटवर जरा पुढं सरकले, आणि काही वेळानं करपल्यासारखा वास येऊ लागला.

“कसला वास?” मार्तंडरावांनी विचारलं.

“नव्या गाडीचा,” कडूबा घाईनं म्हणाला.

आक्कानं पदर नाकाला लावला. “याच उतारावर आमच्या आबाची बैलबंडी उधळली व्हती,” ती म्हणाली. “बैल बुजले. आबा गेले. हा भगवान त्याईच्या मांडीवर व्हता, पाच वर्साचा. कासऱ्याले धरून वाचला.” एवढं बोलून ती खिडकीबाहेर पाहू लागली.

संध्याकाळच्या आत ते परतले. मालक घरात गेले. गाडी थांबताच वाड्यातलं मांजर आलं. थंडीच्या दिवसांत कुठलंही मांजर थांबलेल्या गाडीच्या बॉनेटवर जाऊन बसतं, कारण ऊब तिथं असते. हे मांजर बॉनेटकडे ढुंकूनही न पाहता मागच्या चाकाला पाठ लावून पसरलं.

मार्तंडरावांनी गुडघे आवळत वाकून मागच्या चाकाच्या वाटीला हात लावला आणि चटकन मागं घेतला. भाकरीचा तवा परवडला. पुढचं चाक थंडगार होतं.

मग ते पुढच्या दारातून आत डोकावले. डॅशबोर्डाखाली, दोन सीटांच्या मधोमध, छत्रीच्या मुठीसारखी हँडब्रेकची मूठ होती. तीन महिन्यांच्या गाडीत सगळं कोरं करकरीत. त्या मुठीचा काळा रंग मात्र उडून आतलं लोखंड चकाकत होतं. ड्रायव्हरच्या बाजूचा नाही. शेजारी बसणाऱ्याच्या बाजूचा.

“कडूबा, इकडं ये,” मार्तंडराव म्हणाले. त्यांचा आवाज फार दमलेला होता. “हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो. मालक गाडीत बसले की ती मूठ धरून बसतात, आणि उतारावर जरा ओढतात. गाडी दिवसभर ब्रेक लावून पळते. चार मैल त्यांच्या मुठीत जातात. तुला हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे.”

कडूबानं फडकं खांद्यावर टाकलं. “पह्यल्याच दिवशी त्या उतारावर गाडी पळाली साहेब. मालकाचा हात तिथं गेला, तो निंगालाच नाही. त्याईले वाटते, धराले दांडी हाय. हात तिथं हाय, हे बी त्याईले ठाव नसन.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“काय सांगू? मालक भेते म्हनून? त्याईच्या शबदावर चार गावं चालतात. उद्या बाजारात लोकं म्हनतीन, भगवानराव मोटारीत जीव मुठीत धरून बसते.” त्यानं फडकं काढून त्याची घडी घातली. “बाप गेलेल्या मानसाचा हात म्या कसा सोडवू?”

“तुझं लायसन जाईल.”

“जाईन तर जाईन. पन साहेब, तुमी जर चारचौघांत त्याईचं नाव घेतलं, तर म्या म्हनीन, हाव, पेट्रोल म्याच चोरलं. तिथंच म्हनीन.”

आणि तो तसं म्हणेल, यात मार्तंडरावांना तिळमात्र शंका वाटली नाही. सकाळी बाजार होता.

६

सकाळी ओसरी भरली. पंजाबराव होता, चिखलीहून पेट्रोलच्या पंपावरून खास बोलावलेला इंद्रभान होता, बाजाराला आलेली आजूबाजूच्या गावांतली दहा-बारा माणसं होती. पंचफुला खांबाला टेकून उभी होती. कडूबा पायरीच्या खाली. आक्का आतल्या दाराच्या उंबऱ्याशी बसून वाती वळत होती. भगवानरावांच्या पुढ्यात लायसन ठेवलेलं होतं.

चहा आला. मार्तंडरावांनी घोट न घेता सुरुवात केली. आधी त्यांनी पंपाचं माप सांगितलं. इंद्रभान छाती काढून बसला. मग पंजाबरावाची सुटका केली, फटफटीचं नाव न घेता. मग पुस्तिकेतली मुंगीएवढी अक्षरं मोठ्यानं वाचून त्यांचा अर्थ सांगितला. सपाट रस्ता, एकटा ड्रायव्हर, तापलेलं इंजिन. लोक माना डोलावत होते. कंपनीची मोटार कंपनीच्या रस्त्यावर चाळीस देते, आपल्या रस्त्यावर तेहतीस, आणि वर्षभरात इंजिन मोकळं झालं की कदाचित एखादा मैल वाढेल. त्यात कोणाचा हात नाही.

“अन् राह्यलेले पाच?” भगवानरावांनी विचारलं.

“एक वजनाचा.”

“अन् चार?”

मार्तंडरावांनी पायरीखाली पाहिलं. कडूबा ताठ उभा होता, तोंड उघडायच्या तयारीत. मार्तंडरावांना चहाचा वास आला आणि तो फार गोड वाटला. तीस वर्षं त्यांनी खरं वाटलं तेच सांगितलं होतं आणि त्या खऱ्यानं एका माणसाची नोकरी जाऊन चहाचं हॉटेल झालं होतं. त्यांनी कपबशी खाली ठेवली.

“लोणार,” ते म्हणाले.

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या.

“लोणारचं सरोवर आभाळातून दगड पडून झालं, हे तुम्हाला माहीत आहे. तो दगड लोखंडाचा होता आणि तो अजून तळाशी आहे. लोहचुंबक. बैलगाडीला लोखंड कमी, म्हणून ती लागत नाही. मोटार म्हणजे सगळं लोखंड. ती इकडून तिकडं जाऊ लागली की दगड तिला लोणारकडे ओढतो आणि इंजिनाला त्याच्याविरुद्ध झगडावं लागतं. मेहकरच्या गाड्यांचं स्टिअरिंग आपोआप दक्षिणेला वळतं, हे मी तीस वर्षं डोळ्यांनी पाहिलं आहे. लोणारच्या स्टँडवर तर मास्तरांच्या खिशातल्या किल्ल्या खिडकीला चिकटून राहतात.”

माणसं एकमेकांकडे पाहू लागली. दोघातिघांना आपल्याही किल्ल्या असंच काही करतात हे आठवलं. इंद्रभान म्हणाला, तरीच त्याचा पंप किंचित कलला आहे. भगवानरावांचा चेहरा सैल पडला. चोर नाही, फसवणूक नाही, दगड आहे. त्यांनी लायसन उचललं आणि कडूबाकडे धरलं.

धरलेला हात अर्ध्यावर थांबला.

“पन मार्तंडराव,” ते सावकाश म्हणाले, “माह्या वजनाचं पोतं नेलं तवा बत्तीस भेटले. अन् म्या गेलो की अठ्ठावीस. लोनार पोत्याले वढत नाही, मलेच वढते?”

मार्तंडराव उगाच पुस्तिका चाळू लागले. खोट्याचा जन्मात सराव नव्हता. लायसन हळूहळू मागं जाऊ लागलं. पंचफुलानं खांब घट्ट धरला. कडूबानं एक पायरी वर पाऊल टाकलं आणि म्हणाला, “मालक, म्याच...”

“खोटं,” उंबऱ्यातून आक्का म्हणाली. वात वळणारा तिचा हात थांबला नव्हता. “तुहं बी खोटं, कडूबा, अन् मार्तंडा, तुहं त्याहून खोटं. लोनारचा दगड कायले वढीन? पंचावन वर्सं झाली, ह्यानं आबाचा कासरा अजून सोडला नाही. भगवान, ते लायसन दे त्या मानसाले, अन् तुहा उजवा हात उघडून दाखव ह्या सगळ्याईले, त्या बिरेकीनं किती घट्टे पडले ते.”